दारातली झडती आणि आतली जबाबदारी

सिल्वासाहून खानवेलच्या दिशेने निघाले की दहाएक किलोमीटरवर वासोणा लागते. दादरा आणि नगर हवेलीच्या अभयारण्यातील या भागात सिंह सफारी आहे. मोकळ्या रानात सिंह आणि जाळीने बंदिस्त केलेल्या वाहनात माणसे, अशी येथील उलटी व्यवस्था लहान मुलांना फार आवडते. या वाहनात बसण्यापूर्वी पिशवी उघडून दाखवण्यास सांगितले, खिशातली काडेपेटी बाहेर ठेवायला लावली किंवा खाऊची पुडी आत नेण्यास मनाई केली, तर त्यावरून भांडण उकरून काढणारा पर्यटक विरळाच. समोर सिंह आहे आणि आत जायचे तर काही नियम पाळावे लागणार, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

हाच पर्यटक आठवड्याभराने एखाद्या मोठ्या थीम पार्कच्या दारात उभा राहतो. तेथे मेटल डिटेक्टरची चौकट, हातातले यंत्र फिरवणारा सुरक्षारक्षक, पिशवीतील प्रत्येक कप्प्याची तपासणी आणि उन्हात वाढत जाणारी रांग असते. येथे मात्र त्याच्या कपाळावर आठी उमटते. ‘आम्ही काय गुन्हेगार आहोत?’ हा प्रश्न कधी मनात राहतो, कधी ओठांवर येतो. त्याच्या शेजारी उभी असलेली व्यक्ती म्हणते, ‘तपासतात ते बरेच आहे, चार पोरे सोबत आहेत.’

एकाच प्रकारच्या तपासणीबद्दल माणसे इतकी वेगळी का वागतात, हा वरवर साधा वाटणारा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात आणि शेजारच्या गुजरातेत करमणुकीच्या ठिकाणी ज्या दुर्घटना घडल्या, त्या पाहता या प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक झाले आहे.

वासोण्याच्या नियमांमागील कायदा

गोमंतकीयांना दादरा आणि नगर हवेली परकी नाही. गोवा मुक्त होण्याच्या सात वर्षे आधी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते होते, महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक होते आणि त्यांत संगीतकार सुधीर फडकेही होते. आज हा प्रदेश दमण आणि दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. कोकण रेल्वेने गुजरातकडे जाणाऱ्या गाडीने वापीला उतरले की सिल्वासा अगदी जवळ. दमणगंगेवरील मधुबन धरण, दुधनीचा जलाशय आणि वासोण्याची सफारी ही तेथील पर्यटकांची नेहमीची ठिकाणे.

वासोण्याचे सिंह गीरच्या वंशातील आहेत. आशियाई सिंह जगात केवळ गुजरातमध्ये नैसर्गिक अवस्थेत उरला आहे. मे २०२५ च्या गणनेनुसार तेथील सिंहांची संख्या ८९१ भरली. एका राज्याच्या एका भागात एकवटलेली ही एवढीच प्रजा. त्यामुळे गीरबाहेर पाळलेला प्रत्येक सिंहही जपण्याजोगा ठरतो.

अशा ठिकाणच्या तपासणीमागे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र घेऊन जाण्यास कलम ३१ मनाई करते. कलम ३० अन्वये तेथे आग लावणे किंवा अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटती ठेवणे गुन्हा आहे. कलम ३२ रसायने, स्फोटके आणि वन्यजीवांना इजा करणाऱ्या अन्य पदार्थांचा वापर रोखते. बंदिस्त प्राणी लोकांना दाखवण्याची सोय जेथे असते त्या ठिकाणाला हा कायदा प्राणिसंग्रहालय मानतो. तेथे कलम ३८-जे लागू होते. प्राण्यांना चिडवणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे हे सारे त्यात निषिद्ध आहे. आपल्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयालाही हेच कलम लागू आहे.

म्हणजे काडेपेटी बाहेर ठेवण्यास सांगणारा वनरक्षक स्वतःच्या मर्जीने वागत नसतो. त्याच्या प्रत्येक मनाईमागे एक नेमके कारण असते आणि ते एका वाक्यात सांगता येते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते, म्हणून काडेपेटी नको. प्लॅस्टिकची पिशवी प्राण्याच्या पोटात गेली तर जिवावर बेतते, म्हणून पिशवी नको. कारण दिसत असले की माणूस तपासणी सहज सोसतो, हा वासोण्याच्या दारात मिळणारा पहिला धडा.

थीम पार्कच्या दारात चौकट कशी आली?

करमणुकीची उद्याने पूर्वी अशी नव्हती. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा तिकीट फाडणारा माणूस हाच दारावरचा मुख्य अधिकारी होता. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गालगत खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये उघडले, तोवर काळ बदलला होता. मधल्या काळात २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला होऊन गेला होता. त्यानंतर हॉटेल, मॉल, चित्रपटगृह अशा प्रत्येक ठिकाणी चौकट उभी राहिली. गाडीखाली आरसा फिरवणे आणि पर्स उघडून दाखवणे हा शहरी जीवनाचा भाग झाला.

पाश्चात्त्य देशांतील मोठ्या थीम पार्कांनी हा बदल ठळकपणे केला तो २०१५ च्या डिसेंबरमध्ये. त्याआधीच्या महिन्यात पॅरिसमध्ये आणि डिसेंबरच्या आरंभी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे हल्ले झाले होते. १७ डिसेंबरपासून फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातील डिस्नेच्या उद्यानांत मेटल डिटेक्टर बसवण्यात आले. खेळण्यातल्या बंदुकांची विक्री थांबली. १४ वर्षांवरील पाहुण्यांना पात्रांचे पोशाख घालून येण्यास मनाई झाली. ऑरलँडोतील इतर मोठ्या उद्यानांनीही त्याच सुमारास तपासणी वाढवली.

तेथील पर्यटकांच्या प्रतिक्रिया आपल्याला अनोळखी वाटणार नाहीत. मुलाबाळांसह आलेल्या अनेकांनी समाधान व्यक्त केले. काहींना स्वप्ननगरीच्या दारातच विमानतळ उभा राहिल्यासारखे वाटले. लांबलेल्या रांगांबद्दल तक्रारी झाल्या. गर्दी मात्र ओसरली नाही. काही महिन्यांत चौकट हा तेथील दृश्याचा भाग झाला आणि पाहुणे तपासणीचा वेळ धरूनच घरून निघू लागले. २०२० मध्ये फ्लोरिडाच्या डिस्ने उद्यानांत पिशवी न उघडता चालत पुढे जाता येईल असे नवे स्कॅनर आले, तेव्हा लोकांनी त्याचे स्वागत केले. परंतु यंत्र नवे म्हणून ते अचूकच असते असे नाही. अशा स्कॅनरांच्या एका प्रमुख निर्मात्या कंपनीने आपल्या यंत्राच्या क्षमतेविषयी दिशाभूल करणारे दावे केले, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केला.

यंत्राला काय कळते, काय कळत नाही?

तपासणीबद्दलचे अर्धे गैरसमज यंत्राविषयीच्या अज्ञानातून येतात. मेटल डिटेक्टरची चौकट चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्या क्षेत्रातून धातू गेला की त्यात बदल होतो आणि यंत्र आवाज करते. तो धातू चाकूचा आहे की कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलचा, हे यंत्र स्वतः ठरवत नाही. ते रक्षकाला हातातील यंत्राने आणि नजरेने ठरवावे लागते. प्लॅस्टिकची बाटली, द्रवपदार्थ, काड्या, फटाक्यांची दारू यांपैकी काहीही चौकटीला कळत नाही. त्यासाठी पिशवी उघडावी लागते किंवा एक्स-रे यंत्रातून सरकवावी लागते.

चौकट वाजत राहते, पण रक्षक कोणालाही न थांबवता मोबाइल पाहत उभा असतो, असे दृश्य आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिले आहे. त्या तपासणीचा सुरक्षेशी काहीच संबंध नसतो. तो देखावा असतो आणि लोकांना ते लगेच कळते. वाजणाऱ्या चौकटीकडे दुर्लक्ष होताना पाहिलेल्या माणसाला पुढच्या वेळी कोणी गांभीर्याने थांबवले, तर त्याला ती छळणूक वाटते. ढिलाईने झालेली तपासणी धोका तर टाळत नाहीच, उलट खऱ्या तपासणीची पत घालवते.

नाराजीची चार कारणे

पर्यटक तपासणीवर नाराज असतात, हे विधान ढोबळ आहे. ती नाराजी उलगडून पाहिली तर तिची चार निरनिराळी कारणे सापडतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पहिले कारण वेळ. येथे थोडा हिशेब करून पाहू. समजा, सकाळच्या एका तासात एखाद्या उद्यानाच्या दारात ६०० माणसे येतात आणि तपासणीच्या दोन रांगा आहेत. प्रत्येकाला १५ सेकंद लागले तर एका रांगेतून तासाला २४० आणि दोन्हींतून ४८० माणसे आत जातील. तासाअखेर १२० माणसे बाहेर उरतील आणि शेवटच्या माणसाला १५ मिनिटे थांबावे लागेल. आता तपासणी कडक झाली आणि प्रत्येकाला १५ ऐवजी २५ सेकंद लागू लागले. दोन्ही रांगांतून तासाला केवळ २८८ माणसे आत जातील, ३१२ बाहेर उरतील आणि शेवटच्या माणसाला तब्बल ६५ मिनिटे तिष्ठावे लागेल. तपासणी दहाच सेकंदांनी वाढली, पण प्रतीक्षा चौपटीहून अधिक झाली. त्याच ठिकाणी दोनऐवजी चार रांगा केल्या तर २५ सेकंदांची कडक तपासणी कायम राहूनही शेवटच्या माणसाची प्रतीक्षा अडीच मिनिटांवर येते. दारातला संताप बहुधा तपासणीच्या कडकपणातून येत नाही, तो रांगांच्या कमतरतेतून येतो.

प्रतीक्षेचे मानसशास्त्रही आहे. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेत उभ्या माणसाच्या मनाविषयी एक निबंध लिहिला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. ज्या थांबण्याचे कारण सांगितलेले नसते, ते अधिक लांब वाटते. किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर ते आणखी लांब वाटते. कोणी मध्येच घुसून पुढे गेले तर ते असह्य होते. रांगेच्या तोंडाशी ‘येथून दारापर्यंत सुमारे वीस मिनिटे’ असा साधा फलक लावला तरी चिडचिड कमी होते, कारण अनिश्चितता संपते.

दुसरे कारण प्रतिष्ठा. आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी घातलेली स्त्री चौकटीतून गेली की यंत्र वाजणार, हे ठरलेले असते. तिची तपासणी स्त्री रक्षकाने आणि आडोशाला करावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि शालीनता राखून घ्यावी, हे तत्त्व आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने पोलिसांनाही घालून दिले आहे. मग करमणुकीच्या ठिकाणी ते काटेकोरपणे पाळले जायला काय हरकत आहे? शरीरात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने नेहमीच्या गतीने चौकटीतून जाण्यास सहसा अडचण नसते. हातातले यंत्र मात्र तिच्या छातीवर रेंगाळू देऊ नये, हे रक्षकाला ठाऊक असायला हवे. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांना सर्वांसमक्ष उठून उभे राहण्यास सांगणे ही सुरक्षा नव्हे. अशा प्रसंगी होणारी जखम लहान असते, पण घरी परतल्यावर कुटुंब सर्वांत आधी तीच सांगते.

तिसरे कारण भेदभाव. रांगेतल्या साध्या माणसाची पिशवी पालथी केली जाते आणि ओळखीच्या किंवा मोठ्या गाडीतून आलेल्या पाहुण्याला बाजूच्या दाराने आत सोडले जाते, तेव्हा तपासणीचा सगळा नैतिक आधार कोसळतो. पेहराव, भाषा, दाढी, टोपी पाहून कोणाला अधिक वेळ थांबवायचे हे रक्षक ठरवू लागला, तर तेही तितकेच घातक. सरसकट सर्वांची किंवा ठरावीक क्रमाने दर अमक्याव्या माणसाची अधिक तपासणी, या दोन्ही पद्धती न्याय्य आहेत. रक्षकाच्या मर्जीवर चालणारी तिसरी पद्धत न्याय्य नाही आणि खऱ्या धोक्याला ती सहज फसते.

चौथे कारण सर्वांत जुने आणि घरगुती आहे. ते म्हणजे डबा. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ न देण्याचा नियम अनेक करमणुकीच्या ठिकाणी असतो आणि तो राबवला जातो सुरक्षारक्षकाच्याच हातून. बॉम्बसाठी उघडलेल्या पिशवीतून थालीपीठ आणि दशम्या बाहेर काढल्या जातात, तेव्हा ही तपासणी जिवाच्या रक्षणासाठी आहे की उपाहारगृहाच्या गल्ल्यासाठी, अशी शंका येणारच. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी या प्रश्नावर निर्णय दिला. चित्रपटगृह ही मालकाची खासगी मालमत्ता असल्याने बाहेरचे अन्न आणण्यास तो मनाई करू शकतो. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेले अन्न अडवू नये, असे न्यायालयाने म्हटले. तो निर्णय चित्रपटगृहांविषयीचा होता. थीम पार्कांनी त्यातील समतोल स्वतःहून स्वीकारला तर त्यांचा तोटा होणार नाही. निदान व्यापाराचा नियम आणि सुरक्षेचा नियम वेगवेगळ्या फलकांवर लिहावेत आणि शक्यतो वेगवेगळ्या माणसांनी राबवावेत. डब्यासाठी झालेल्या झडतीचा राग सुरक्षेच्या झडतीवर निघतो, हे व्यवस्थापनाने ओळखायला हवे.

दाराबाहेरची गर्दी

तपासणी कडक करताना एक धोका हमखास विसरला जातो. दारात माणसे अडवली की ती दाराबाहेर साचतात आणि साचलेली गर्दी हाच एक धोका असतो. २२ मे २०१७ रोजी मँचेस्टर येथील संगीत कार्यक्रमानंतर झालेल्या स्फोटात २२ जणांचा बळी गेला. हल्लेखोर सभागृहात शिरलाच नव्हता. कार्यक्रम संपवून लोक ज्या दालनातून बाहेर पडत होते, तेथे तो थांबला होता. दार कितीही भक्कम असले तरी दाराबाहेरची जागा उघडीच राहते.

घातपात दूर राहो, साधी चेंगराचेंगरीही प्राण घेते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. आपल्याकडे ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या श्रीलईराई देवीच्या जत्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत किमान सहा भाविकांचे प्राण गेले आणि अनेक जखमी झाले. त्या दिवसापासून गर्दीचे नियोजन हा शब्द गोमंतकीयांसाठी कागदी राहिलेला नाही. म्हणून तपासणीची रांग कोठे उभी राहील, तिला सावली आणि पाणी आहे का, तिच्या बाजूने मोकळी वाट आहे का, हे प्रश्न यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

धोका आत असेल तर?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या भागातील करमणुकीच्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत ज्या मोठ्या दुर्घटना घडल्या, त्यांतील किती धोके पर्यटकाच्या पिशवीतून आत गेले होते?

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात झोके घेणारी राइड तुटून खाली कोसळली. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. २५ मे २०२४ रोजी, उन्हाळी सुटीच्या ऐन गर्दीत, राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली आणि लहान मुलांसह २७ जण होरपळून गेले. त्या ठिकाणाला अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. आपल्या राज्यात ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचे प्राण गेले. मृतांमध्ये मोठी संख्या तेथे राबणाऱ्या कर्मचाऱ्यांची होती.

या तिन्ही ठिकाणी धोका बाहेरून कोणी पिशवीत लपवून आणला नव्हता. तो यंत्राच्या झिजलेल्या भागात, ज्वलनशील बांधकामात, अपुऱ्या वाटांत आणि न मिळवलेल्या परवान्यात आधीपासून आत होता. दारात पाहुण्याच्या पर्सचा प्रत्येक कप्पा तपासूनही हा धोका कोणाला सापडला नसता.

प्राणिसंग्रहालयांचा अनुभवही काहीसा असाच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि त्याचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिरुपतीच्या प्राणिसंग्रहालयात एक माणूस सिंहाच्या आवारात उतरला आणि प्राणाला मुकला. हे प्रसंग दारातल्या झडतीने टळले नसते. तेथे कुंपणाची उंची, रक्षकाची नजर आणि पर्यटकाची स्वतःची शिस्त उपयोगी पडली असती. वासोण्यासारख्या सफारीत पिशवी तपासून झाल्यावरही खरी सुरक्षा वाहनाच्या जाळीत, त्याच्या दाराच्या कडीत, चालकाच्या प्रशिक्षणात आणि वाहन वाटेत बंद पडले तर पुढे काय करायचे या आधीच ठरवलेल्या उत्तरात असते.

यातून दारातली तपासणी निरुपयोगी ठरत नाही. हत्यार, दारू, फटाके, ज्वलनशील पदार्थ आत जाऊ नयेत यासाठी ती हवीच. परंतु ती सुरक्षेचा अर्धाच भाग आहे. पाहुणा आपली पिशवी उघडून दाखवतो तेव्हा तो व्यवस्थापनावर विश्वास टाकत असतो. त्या बदल्यात व्यवस्थापनाने आपल्या राइडची, विजेच्या जोडण्यांची आणि बाहेर पडण्याच्या वाटांची तपासणी तितक्याच काटेकोरपणे करावी आणि ती पाहुण्याला दिसेल अशी ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पाहुण्याने काय विचारावे?

खासगी उद्यानातील सुरक्षारक्षक हा पोलीस नसतो. तो पाहुण्याच्या संमतीने पिशवी तपासतो. संमती नाकारली तर उद्यान प्रवेश नाकारू शकते, पण जबरदस्तीने अंगझडती घेण्याचा अधिकार त्याला नाही. ही मर्यादा दोन्ही बाजूंना ठाऊक असली तर बरेच वाद उद्भवणारच नाहीत. पाहुण्यानेही रक्षकाशी अरेरावी करू नये. बारा-बारा तास उन्हात उभा राहणारा, तुटपुंज्या पगारावरचा तो माणूस नियम बनवत नाही, तो राबवतो.

तपासणीची रांग हलकी करणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती असते. कमी सामान घ्यावे. नाणी, किल्ल्या, मोबाइल आधीच एका कप्प्यात ठेवावेत. औषधे त्यांच्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. तान्ह्या मुलाचे दूध वेगळ्या पिशवीत असावे, म्हणजे ते लगेच दाखवता येते. पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असेल तर चौकटीत शिरण्याआधीच सांगावे. अभयारण्यात जाताना काडेपेटी, लायटर, गुटखा आणि एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिक घरीच ठेवावे.

दार ओलांडल्यावर मात्र प्रश्न विचारण्याची पाळी आपली असते. बाहेर पडण्याची वाट कोठे आहे आणि ती कुलूपबंद तर नाही ना, हे आधी पाहावे. पाळण्याच्या पट्ट्याची कडी बसली की नाही, हे चालकाने तपासले का, याकडे लक्ष द्यावे. राइडची अखेरची तपासणी कधी झाली आणि अग्निशमन प्रमाणपत्र कोठे लावले आहे, हे तिकीट खिडकीवर विचारण्यात कसलाही संकोच नको. अशा प्रश्नांना उत्तर द्यावे लागते हे व्यवस्थापनाला कळले की कागद आपोआप जागेवर येतात. उत्तर देण्याऐवजी कोणी हसण्यावारी नेले, तर मुलांना घेऊन परत फिरण्याइतके ते कारण पुरेसे आहे.

शासनाच्या पातळीवर हे काम आणखी सोपे आहे. प्रत्येक उद्यान, वॉटर पार्क, गेम झोन आणि नाइटक्लबच्या प्रवेशद्वाराशी, मेटल डिटेक्टरच्या शेजारीच, परवान्यांची मुदत आणि अखेरच्या तपासणीची तारीख ठळकपणे लावणे बंधनकारक करावे. पाहुणा चौकटीतून आत जाताना त्याची तपासणी होईल आणि त्याच क्षणी तोही त्या जागेची तपासणी करून घेईल. यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक फलक आणि तो खरा ठेवण्याची इच्छा लागते.

वासोण्याच्या वाहनात बसलेला पर्यटक जाळीच्या पलीकडे सिंह पाहतो तेव्हा तो निश्चिंत असतो. ती निश्चिंतता त्याची पिशवी तपासल्यामुळे आलेली नसते. आपल्या आणि सिंहाच्या मध्ये असलेली जाळी मजबूत आहे आणि ती कोणीतरी आज सकाळी पाहिली आहे, या विश्वासातून ती येते. थीम पार्कच्या, वॉटर पार्कच्या आणि रात्रीच्या क्लबच्या दारात उभ्या असलेल्या माणसालाही तोच विश्वास हवा असतो. तो मिळाला तर पिशवी उघडून दाखवायला कोणाची ना नसेल.